गोल्डफिश टँकचा गाळ काढायची सायफन नळी, सव्वा वर्ष वापरून लिहितेय

आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. प्लास्टिकच्या एका नळीवर एवढं लांबलचक कोण लिहितं असं वाटेल, पण टँक स्वच्छ ठेवायच्या नादात मी जे जे घेतलं त्यातलं अर्धं आज माळ्यावर पडलंय आणि ही एकच वस्तू अशी आहे जी दर रविवारी न चुकता हातात येते, म्हणून म्हटलं नीट लिहावं.

वस्तू म्हणाल तर काहीच नाही. एक जाड पारदर्शक नळकांडं, मनगटाएवढं रुंद, दीड वीत लांब. त्याला जोडलेली दोन मीटरची लवचिक नळी, नळीच्या मध्ये दाबायचा एक रबरी फुगा, आणि बादलीच्या काठाला अडकवायला एक चिमटा. मोटर नाही, सेल नाही, वायर नाही. कोणी हिला सायफन म्हणतं, कोणी ग्रॅव्हल क्लीनर, कोणी नुसता गाळाचा पाईप. माझा टँक १२० लिटरचा आहे आणि त्यात दोन फॅन्सी गोल्डफिश, ढोल्या आणि राणी. ढोल्या ओरांडा आहे, म्हणजे डोक्यावर टोपी घातल्यासारखं मांस वाढलेलं, आणि राणी फँटेल, दुहेरी शेपटीची.

आता मागची कथा ऐका म्हणजे चार स्टार का ते कळेल. सुरुवात झाली ती भेट म्हणून आलेल्या आठ लिटरच्या 'सेल्फ क्लीनिंग' टँकपासून. वरून पेलाभर ताजं पाणी ओतायचं की खालची घाण दुसऱ्या नळीतून आपोआप बाहेर, अशी आयडिया. पाणी बाहेर यायचं, खोटं कशाला बोलू, पण जे यायचं ते बऱ्यापैकी स्वच्छच असायचं आणि माशांची शी मात्र खड्यांमध्ये जिथल्या तिथे. तीन मासे होते त्यात. मग मी काय करायचे, दर रविवारी मासे एका भांड्यात काढायचे, टँक पूर्ण रिकामा करायचे, खडे चाळणीत घालून नळाखाली खळखळून धुवायचे, काच घासायचे, फिल्टरचा तो एवढासा स्पंज तर पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायचे. संध्याकाळी टँक असा काही चकचकायचा की बघत बसावं. आणि बुधवार उजाडला की पाणी दूध सांडल्यासारखं पांढुरकं, मासे वर येऊन तोंड उघडमीट करतायत. मला वाटायचं आपण कमी धुतलं. की पुढच्या रविवारी अजून जोरात. चौथ्या का पाचव्या आठवड्यात सगळ्यात छोटा गेला. त्याच्या कल्ल्यांपाशी लाल लाल झालं होतं आणि मी मात्र तेव्हाही काचेला बोटांचे डाग पडलेत का ते बघत होते.

चूक काय होती ती नंतर समजली आणि समजल्यावर स्वतःचाच राग आला. गोल्डफिश घाण करतो म्हणजे नुसती शी करतो असं नाही. त्याला जठरच नसतं, घशातल्या दातांनी चावलेलं सगळं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे हा प्राणी दिवसभर खातो आणि दिवसभर बाहेर टाकतो. पण खरी भानगड शी नाहीच, अमोनिया. आणि तो बराचसा कल्ल्यांतून थेट पाण्यात जातो, दिसत नाही, त्याचा रंग नसतो. तळाशी राहिलेलं खाणं आणि शी कुजली की त्यातून अजून अमोनिया. आता हा अमोनिया खाणारे जीवाणू टँकमध्ये आपोआप तयार होतात. एक गट त्याचं नायट्राइट करतो, ते पण विषारीच, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते बरंच सौम्य. या सगळ्याला सायकल होणं म्हणतात आणि नव्या टँकमध्ये त्याला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. आणि हे जीवाणू राहतात कुठे? पाण्यात फारसे नाहीत, स्पंजवर, खड्यांवर, काचेवर, जिथे जिथे चिकटायला जागा मिळेल तिथे. म्हणजे तो जो स्पंजवरचा तपकिरी बुळबुळीत थर मी दर रविवारी नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याखाली पिळून काढत होते ना, तेच माझं फिल्टर होतं. जे ठेवायचं ते मी धूत होते.

बरं, मधल्या काळात मी अजून दोन उद्योग केले ते पण सांगते. एक म्हणजे पाणी नितळ करणारं औषध. बाटलीवर लिहिलेलं, पाणी काही तासांत आरशासारखं. झालं की! खरंच झालं. त्या थेंबांनी पाण्यातले बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि मग ते फिल्टरमध्ये अडकतात किंवा खाली बसतात, एवढंच काम आहे त्याचं. अमोनियाला ते हातही लावत नाही. मी चार दिवस त्या आरशाकडे बघून खूष होते आणि राणी एका कोपऱ्यात पर मिटून बसलेली. नितळ पाणी आणि चांगलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या बाटलीने शिकवलं, तेवढ्यापुरते तिचे आभार. दुसरा उद्योग, सगळेच सांगतात म्हणून सकर नावाचा, तोंडाने चिकटून शेवाळं खाणारा मासा आणायचा विचार केला होता, तळ चाटूनपुसून साफ करतो म्हणे. अहो तो स्वतः केवढी घाण करतो, वर कित्येक सकर गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चाटायला लागतात, कारण गोल्डफिश हळू पोहणारा गरीब बिचारा. नशीब, आणला नाही.

मग तीन गोष्टी एकदम केल्या. मोठा टँक घेतला, थेंबांचं टेस्ट किट घेतलं आणि ही नळी घेतली. टेस्ट किटवर खरं तर वेगळा रिव्ह्यू लिहायला हवा, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्यांदा अमोनिया मोजला तेव्हा काचेच्या छोट्या नळीत पाणी घेतलं, दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकले, हलवलं, आणि पाच मिनिटं बघत बसले. पिवळं राहिलं तर शून्य. ते हळूहळू पोपटी झालं, मग हिरवं, मग असं गडद हिरवं की कार्डाशी जुळवताना २ पीपीएमच्या (म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत दोन भाग) चौकोनावर बोट गेलं. चांगल्या टँकमध्ये तो आकडा शून्य पाहिजे. डोळ्यांना ते पाणी एकदम स्वच्छ दिसत होतं हं! आणि नायट्रेटच्या टेस्टमध्ये दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची असते, टेबलावर थोडी आपटा सुद्धा, नाहीतर आतलं खाली बसलेलं मिसळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. मी पहिले दोन महिने हलवतच नव्हते आणि वाटत होतं काय मस्त टँक आहे आपला.

तर आता नळी. हिच्यामागचं शास्त्र एवढंच की पाणी वरून खाली जातं. टँक वर, बादली खाली, नळी एकदा पाण्याने भरली की तुम्ही थांबवेपर्यंत पाणी वाहत राहतं. नळकांडं खड्यांत खुपसलं की खडे आत वर उसळतात, गोल गोल फिरतात, आणि त्यातली घाण हलकी म्हणून नळीतून वर निघून जाते, खडे जड म्हणून परत खाली पडतात. हे बघणं म्हणजे मला तरी लई समाधान आहे. पहिल्यांदा केलं तेव्हा वरवर स्वच्छ दिसणाऱ्या खड्यांतून असा काही तपकिरी ढग उठला की मी बाई ओरडलेच. दोन-तीन सेकंदात नळकांड्यातलं पाणी परत पारदर्शक झालं की उचलायचं, शेजारी खुपसायचं. असं करत करत पुढे. एका वेळी अर्धा तळच करते, उरलेला अर्धा पुढच्या रविवारी, कारण खड्यांवर पण ते जीवाणू असतात, एकदम सगळंच ढवळायला नको.

माझा नंतरचा अनुभव मात्र असा की गोल्डफिशला खडे नकोतच. हे मासे तळ तोंडात भरून चाळत बसतात आणि वाटाण्याएवढा किंवा त्याहून जरा लहान खडा घशात अडकू शकतो. राणीच्या तोंडात एकदा अडकला, निघाला आपोआप, पण ती दहा मिनिटं मी मोजली आहेत. तेव्हापासून टँकमध्ये बारीक वाळूचा पातळ थर आहे. वाळू असेल तर नळकांडं खुपसायचं नाही, बोटभर वर धरून गोल फिरवायचं, शी वर उचलली जाते आणि वाळू खाली राहते. हात जरा खाली गेला की वाळू पण बादलीत, मग बादलीच्या तळातून ती काढून धुवा आणि परत टाका, हा एक धंदा लागतो. काही लोक तळ पूर्ण मोकळाच ठेवतात, साफ करायला सगळ्यात सोपं तेच, मला बघायला बरं वाटत नाही एवढंच.

ही नळी मला का आवडते तर ती एका फटक्यात दोन कामं करते. शी काढते आणि पाणीही काढते. अमोनिया आणि नायट्रेट पाण्यात विरघळलेलं असतं, त्यामुळे नुसता गाळ जाळीने काढून भागत नाही, पाणी बदलावंच लागतं. आणि फिल्टर कितीही भारी असला तरी शेवटी उरणारं नायट्रेट तो काही फार कमी करत नाही. माझं गणित असं, दोन मोठ्या बादल्या म्हणजे साधारण ३६ लिटर, १२० पैकी ३० टक्के. रविवारी सकाळी नायट्रेट ४० आलं तर बदलल्यावर २८ होतं, शून्य नाही होत. मग आठवडाभर परत चढतं. म्हणून "महिन्यातून एकदा सगळं पाणी बदलते" यापेक्षा दर आठवड्याला थोडं थोडं बदलणं बरं, माशांनाही झटका बसत नाही. आकडा ४० च्या वर जायला लागला की मी आठवड्यात मध्ये अजून एक बादली काढते आणि शोधते की जास्त खायला कोण घालतंय.

कोण घालतंय ते माहीतच आहे म्हणा. सासूबाई. "अगं बिचारे बघतायत माझ्याकडे, भूक लागलीय त्यांना." आई, ते सगळ्यांकडेच तसं बघतात, माणूस दिसला की खाणं हे त्यांना पाठ झालंय, गोल्डफिशला तीन सेकंदांत विसर पडतो वगैरे सगळ्या थापा आहेत, त्यांना गोष्टी महिनोनमहिने लक्षात राहतात. आमच्याकडे आता खाण्याच्या डब्यात औषधाचा छोटा चमचा ठेवलाय, सकाळी एक, संध्याकाळी एक, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच. चमचा आल्यापासून नळीतून निघणारा गाळ निम्म्यावर आला. खरंच निम्म्यावर, बादलीतल्या पाण्याचा रंग बघून कळतं.

आता तक्रारी. आहेत.

फुगा. तो दोनदा-तीनदा दाबला की पाणी ओढलं जायला पाहिजे. पहिले पाच महिने मस्त चाललं. मग आतली झडप, म्हणजे रबराची छोटीशी चकती आहे, ती मऊ पडली आणि फुगा दाबला की पाणी पुढे जायच्या ऐवजी नळकांड्यातून परत टँकमध्ये बुडबुडे. वीस-वीस वेळा दाबा, हात दुखून येतो, आणि मग काही लोक करतात तसं तोंडाने ओढायचा मोह होतो. ते करू नका. एकदा तोंडात गेलं की कळतं, पण त्याहून मुद्द्याचं म्हणजे टँकच्या पाण्यात असे जीवाणू असतात की ते जखमेतून गेले तर कातडीवर महिनोनमहिने न जाणाऱ्या गाठी येतात, फिश टँक ग्रॅन्युलोमा असं नावच आहे त्याला. हाताला कापलेलं असेल तर मी हातमोजे घालते, आणि एरवी काम झालं की साबणाने हात धुते. मात्र टँकचं काही म्हणजे काहीच साबणाने धुवायचं नाही, नळी पण नाही आणि बादली पण नाही, टँकची बादली वेगळीच ठेवा, तिच्यावर मोठ्या अक्षरात 'मासे' लिहा, नाहीतर कोणीतरी त्यात कपडे भिजवतं.

चिमटा. हा तर नावालाच. जाड काठाच्या बादलीवर बसत नाही, पातळ काठावर सैल. दुसऱ्याच रविवारी मी तळाकडे वाकून कौतुकाने बघत होते आणि इकडे नळी बादलीतून उडी मारून बाहेर. पायाला गार लागलं तेव्हा कळलं. गालिचा दोन दिवस वाळत होता आणि त्याला वास आला तो वेगळाच. आता नळीचं टोक कपड्यांच्या दोन चिमट्यांनी पक्कं करते, ते बिचारे जास्त प्रामाणिक आहेत.

आणि तिसरी, सगळ्यात गंभीर. नळकांड्याच्या तोंडाला जाळी नाही आणि बंद करायला खटका नाही. ढोल्याला ही नळी म्हणजे खेळणं वाटतं, ती जिथे जाते तिथे हा मागे, कारण वाळूतून उडालेलं काहीतरी खायला मिळतं. एकदा वळताना त्याची लांब शेपटी आत ओढली गेली. मी घाबरून नळकांडंच वर उचललं, तेच चुकलं, शेपटीची कड फाटली. त्या क्षणी करायचं काय असतं, तर दुसऱ्या हाताने नळी दुमडून घट्ट दाबायची, ओढ लगेच थांबते आणि मासा स्वतःच निसटतो. शेपटी भरून आली, काही औषध घातलं नाही, फक्त दोन आठवडे पाणी जास्त वेळा बदललं. पण तेव्हापासून माझा डावा हात नळीच्या दुमडीवरच असतो. कंपनीने साधा खटका बसवला असता तर काय बिघडलं असतं? अगदी छोट्या टँकसाठी तर हा साईज घेऊच नका, गाळ निघायच्या आत अर्धा टँक बादलीत गेलेला असेल. पातळ नळीवाला घ्या.

सवयीच्या दोन-तीन गोष्टी सांगते ज्या पाकिटावरच्या कागदात लिहिलेल्या नाहीत. नळी सुरू करायच्या आधी फिल्टर बंद करा, काठावर टांगायचा फिल्टर असेल तर पाणी खाली गेलं की त्याची मोटर कोरडी चालते आणि घरघरायला लागते. आणि नंतर परत चालू करा. हसू नका, मी विसरले होते, रात्रभर. सकाळी दोघं पृष्ठभागाला तोंड लावून. स्पंजमधल्या जीवाणूंना पण वाहतं, ऑक्सिजनवालं पाणी लागतं, त्यामुळे माशांबरोबर त्यांचेही हाल. तेव्हापासून पाणी बदलताना मी माझा चष्मा काढून फिल्टरच्या स्विचवर अडकवते, चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही, त्यामुळे तो घ्यायला जावंच लागतं.

स्पंज महिन्यातून एकदा, आणि तो धुवायचा याच बादलीत, म्हणजे टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यात, दोन-चारदा दाबला की बस. तपकिरी राहू दे. पाण्याचा प्रवाह कमी झाला नसेल तर धूही नका. स्पंज बदला, कार्ट्रिज बदला असं पाकिटावर दर महिन्याला लिहिलेलं असतं ते विकणाऱ्याच्या सोयीचं आहे, स्पंज फाटेपर्यंत चालतो. कोळशाची पुडी मात्र काही आठवड्यांत संपते, आणि ती रोजच्या टँकला लागतही नाही, मी काढूनच टाकली.

नवं पाणी घालताना अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारे थेंब. नळाच्या पाण्यात नुसतं क्लोरीन असेल तर दिवसभर उघडं ठेवलं की उडून जातं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया मिळून झालेलं) असेल तर असं उडत नाही, म्हणून थेंब घातलेले बरे. बादलीत घालत असाल तर बादलीच्या हिशोबाने, पाणी सरळ टँकमध्ये सोडत असाल तर पूर्ण टँकच्या हिशोबाने. आणि तापमान, एक-दोन डिग्रीपेक्षा जास्त फरक नको. हे थंड पाण्याचे मासे आहेत, फॅन्सीवाल्यांना १८ ते २३ डिग्री छान. त्याहून पाणी तापायला लागलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम तर ३० डिग्रीला साडेसातच, आणि वर अमोनियाही जास्त विषारी होतो. असे दिवस असले की मी एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवते आणि खाणं कमी करते, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत.

शेवाळ्याबद्दल फार लिहीत नाही. लाईट सात-आठ तासांवर चालू ठेवू नका आणि उन्हाच्या तिरपीत टँक ठेवू नका, झालं. समोरची काच मी रोजच्या वापरातून बाद झालेल्या, साबण न लागलेल्या मऊ फडक्याने पुसते, मागची तशीच हिरवी सोडलीय, ते दोघं दिवसभर ती कुरतडतात. चुंबकाचा ब्रश घेतला होता, त्यात वाळूचा एक कण अडकला आणि काचेवर आडवी रेघ आली ती कायमची. तोही माळ्यावर.

लोक म्हणतात गोल्डफिश काही टिकत नाहीत, मुलांची हौस असते महिना-दोन महिन्यांची. अहो, इंग्लंडमध्ये टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ मध्ये जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला होता तो १९९९ पर्यंत जगला, ४३ वर्षं. तो अपवाद धरला तरी नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जातात. म्हणजे मी जर ढोल्याला दहा वर्षं धरली तर अजून साडेचारशेच्या वर रविवार ही नळी हातात धरायचीय, तेव्हा तिने तेवढं टिकावं अशी अपेक्षा चूक नाही ना.

तर नळकांडं उत्तम, अजून पारदर्शक आहे, तडा नाही. नळी आतून हिरवट झाली होती, ती पाणी आणि व्हिनेगर घालून ठेवली, मग खळखळून धुतली, आता साफ आहे. फुगा मात्र मी कापूनच टाकला आणि नळी सरळ जोडून घेतली. आता सुरू करायची पद्धत अशी, अख्खी नळी टँकमध्ये बुडवायची, आतली हवा बुडबुडे येऊन संपू द्यायची, बादलीकडच्या टोकावर अंगठा दाबायचा, तेवढं टोक बाहेर काढून खाली बादलीत न्यायचं आणि अंगठा सोडायचा. पहिल्या झटक्यात चालू. जी गोष्ट फुग्याशिवाय जास्त चांगली चालते तिच्या फुग्याचे पैसे घेतात, म्हणून तो एक स्टार कापला.